इंदूवन्संची फळी

इंदूवन्सं रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आल्या, असं म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती. ‘परत आल्या’ म्हणायचं. एकदा शेजारच्या, गडग्यापलीकडच्या मंदाला मी सांगत होते, “वन्सं आता आमच्याकडेच राहणार हो,” तर ते नेमकं त्यांच्या कानावर गेलं आणि त्या दुपारी माझ्या आमटीला दहापैकी साडेतीन मार्क पडले. एरवी पाच-साडेपाच पडत. काठावर का होईना, पास असायचे मी.

इंदूवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. गुहागरच्या एका शाळेत उभा जन्म शास्त्र आणि हस्तकला शिकवली. शाळा सुटली, पण मार्क द्यायची खोड सुटली नाही. पोस्टमनच्या हाळीला मार्क, आरतीतल्या टाळ्यांना मार्क, मंदाच्या घरातल्या भांडणालासुद्धा मार्क. “मुद्दे बरे होते, मांडणी विस्कळीत. पाच.” अंगाने काटकुळ्या, उंच, आणि आवाज असा की घरापुढच्या खळ्यात उभ्या राहून बोलल्या तरी माजघरातलं मांजर सरळ बसायचं. जगातली प्रत्येक गोष्ट गुहागरला अधिक चांगली होती. सुपारी तर होतीच, पण हवा, कावळे, एस.टी.चे कंडक्टर, सगळंच. रत्नागिरीला त्या शहर म्हणत नसत. “तुमचा हा बाजार” म्हणत.

‘मला अमुक हवं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. काही हवं असलं की त्या चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, “माझं एक निरीक्षण आहे.” ते ऐकलं की आमचे हे, म्हणजे वन्संचा बाळू, पायांत चपला सरकवत. “मी जरा कलमं बघून येतो,” म्हणत आणि जात. घरामागे आमची हापूसची थोडी कलमं होती. इतकी निगा राखलेली कलमं अख्ख्या तालुक्यात नसतील. कारण आमच्या घरात निरीक्षणं फार व्हायची.

मी तेव्हा पंचेचाळिशीची. आळीतली सर्वांत आधुनिक बाई आपणच, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. पुरावे होते ना! खांद्यापर्यंत कापलेले केस होते, एका बायकांच्या मासिकाची वर्गणी होती आणि ‘ॲक्चुअली’ हा शब्द होता. तो मी भाजीवाल्यालाही वापरत असे. त्या मासिकात एकदा बाथरूमचा रंगीत फोटो आला आणि माझी झोप उडाली.

तोवर आमची न्हाणी मागीलदारी होती. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, कोपऱ्यात बंब, पुढे फणसाच्या लाकडाचं जाडजूड दार. आंघोळीला जाणाऱ्याने टॉवेल त्या दारावर टाकायचा. म्हणजे आत माणूस आहे हे कळायचं, कोण आहे तेही टॉवेलावरून कळायचं. एवढ्या सोयीची वस्तू मी एका उन्हाळ्यात पाडून टाकली आणि घराच्या आत बाथरूम बांधून घेतली. गुलाबी टाइल्स. मध्ये मध्ये एकेका टाइलवर बदकांची जोडी. तसली निळ्या मानेची बदकं रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही तळ्यात कुणी पाहिलेली नव्हती, पण मला ती फार सुसंस्कृत वाटत. पाहुणा आला की देवाला नमस्कार करायच्या आधी मी त्याला बाथरूम दाखवायची. सत्यनारायणाला आलेल्या बायका तीर्थाचा हात तसाच ओला घेऊन बदकं बघायला गेल्या, हा माझ्या त्या वयातल्या आयुष्याचा परमोच्च क्षण.

त्या बाथरूममध्ये एक चकचकीत स्टीलची दांडी होती. टॉवेलांसाठी. दुकानदार म्हणाला होता, “नवराबायकोला भरपूर झाली, वहिनी.” मला तो हिशेब पटला होता.

बाथरूम पुरी झाल्यावर वन्सं पाहणीला आल्या. हात मागे बांधून एक फेरी मारली. मग चष्मा पुसला. बाहेर चपलांचा आवाज झाला.

“माझं एक निरीक्षण आहे. साबणाला इथे घर आहे. शाम्पूला आहे. बाळूच्या दाढीच्या ब्रशाला आहे. बदकं तर जोडीने राहतात.”

“मग? टॉवेलालाही आहे की. ती दांडी.”

“दोन टॉवेलांची आहे.”

“मग काय झालं, वन्सं? घरात आहोतच किती, आपण तिघं...” इथे मी थांबले. माझं गणित कच्चं, पण इतकंही नव्हतं. सावरून घेत मी म्हटलं, “ॲक्चुअली, तुमचा टॉवेल आमच्या दोघांच्या मध्ये बसेल.”

“नवराबायकोच्या मध्ये?” वन्सं म्हणाल्या. “नको. या वयात मला ते शोभणार नाही.”

वन्संच्या टॉवेलाविषयी माझा आधीपासून राग होता, तो सांगते. तो म्हणजे लाल काठाचा पांढरा पंचा. आंघोळ झाली की तो त्या स्वतः धुवायच्या, मागल्या दोरीवर वाळवायच्या आणि वाळला रे वाळला की घडी घालून कॉटखालच्या कापडी पिशवीत ठेवायच्या. येऊन सहा-सात महिने झाले तरी तो पंचा पिशवीतच. साड्या कपाटात गेल्या, पुस्तकं फडताळात गेली, पंचा आपला पिशवीत. मी ठरवून टाकलं की बाईंना आमची स्वच्छता पसंत नाही. मग काय, मी फिनेल वाढवलं. इतकं वाढवलं की हे आंघोळ करून आले की दवाखान्यातून सुटून आल्यासारखे वाटत. पंचा पिशवीतून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी वन्संनी जाहीर केलं, “टॉवेलांसाठी फळी करते आहे. लाकडाची.”

माझा कप बशीवर आपटला. “टाइल्सना भोकं?”

“एकही नाही. खिळा नाही, स्क्रू नाही. दारामागे समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्ये दीड हाताची जागा आहे. तिथे घट्ट बसवणार. तुझ्या बदकांना हात लावायचा नाही मला.”

“पण सुताराला सांगू की आपण...”

“सुतार बोलावला की चहा आपला, बिडी त्याची आणि दोष लाकडाचा.”

लाकूड त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं. पाडलेल्या न्हाणीचं ते फणसाचं दार मागीलदारी उभं होतं. खालून कुजलेलं, वर मात्र पिवळंधमक. वन्संनी कुठून तरी करवत आणि रंधा मागून आणला, पदर खोचला आणि ऐन चैत्रात, खळ्यात सगळ्या आळीसमोर दार कापायला बसल्या.

आमच्याकडे बाईमाणसाने विहिरीत उतरून गाळ काढला तरी कुणी थांबून बघणार नाही. पण हातात रंधा म्हटल्यावर बाजाराला निघालेले पुरुष फाटकाशी थबकायला लागले. काम करणारा दिसला की उभं राहून सल्ला द्यायचा, हा आमच्या गावचा खरा उद्योग. त्यात समोरचे तात्या आघाडीवर. ते पेन्शनीत निघाल्यापासून दुसऱ्यांच्या कामांवर देखरेख करत.

“बाई,” तात्या फाटकावर कोपरं टेकून म्हणाले, “हे काय चालवलंय? एवढे आखूड तुकडे कशाला कापताय? चांगली अख्खी फळी निघतेय ना? ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ टाका. लाकडाची रेघ लांबीला धरतात.”

“तुम्ही कधी फळी केली आहेत, तात्या?”

“केली नाही. पण करताना पुष्कळ बघितलंय.”

“मग बघा,” वन्सं म्हणाल्या. जरा वेळाने, “असे नुसते बघू नका. आत या. हे टोक धरा.”

तात्या आत आले आणि ते टोक धरून इतका वेळ वाकून राहिले की शेवटी त्यांच्या सौ. त्यांना शोधत आल्या. त्यानंतर आमच्या फाटकाशी सल्लागार दिसले नाहीत. पलीकडच्या बाजूने, गटार ओलांडून जायचे.

आणि मी? मी लाजेने अर्धमेली झाले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगत सुटले होते, “वन्संना छंद आहे हो. ॲक्चुअली परदेशात बायका हे सगळं स्वतःच करतात.” परदेश म्हणजे माझं काय, तर मासिकाचं मधलं पान.

वन्संनी मात्र तात्यांचं काही ऐकलं नाही. आखूड तुकडेच कापले, पेटीच्या सुरांसारखे एकाला एक लावून बसवले, खालून दोन पट्ट्या मारल्या. वर कडेला उभे तुकडे लावून तीन खण केले. सारखे. मोजून बघितले मी, मधला कणभर मोठा असेल अशी फार आशा होती. नव्हता.

भर वैशाखात फळी बसली. दोन्ही अंगांना लाकडाच्या पाचरी घातल्या आणि त्या ठोकायला माझा खलबत्त्यातला बत्ता नेला. मी बाहेर उभी, प्रत्येक ठोक्याला बदकांची नावं घेत. एकही टाइल तडकली नाही. वन्सं घामाने निथळत बाहेर आल्या, म्हणाल्या, “सहा. रंध्याला धार नव्हती.” मग आत गेल्या, पंचा आणला, चार घड्या घातल्या आणि डावीकडच्या खणात ठेवला. त्या दुपारी ती कापडी पिशवी धुऊन दोरीवर वाळत होती. मी ती पाहिली. तिच्यावर आंब्याचा डाग पडला असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आधुनिक बाई होते ना मी, मला फक्त डाग दिसत.

पुढे पाऊस लागला. समुद्राजवळच्या घरांत पावसाळ्यात काय होतं ते रत्नागिरीतल्या आम्हा मांडवीकरांना विचारा. मीठ बरणीतल्या बरणीत वितळतं, पापडाचा रुमाल होतो आणि कपाटं उघडायला घरातला कर्ता पुरुष लागतो. अशाच एका दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत होते, तर आतून खाड्‌कन आवाज झाला. नारळ कौलावर पडला म्हणून मी वर पाहिलं. मग दुसरा आवाज झाला, तो बाथरूममधून.

जाऊन बघते तर भिंतीवरची टाइल निखळून फरशीवर. नेमकी बदकांची. एक बदक एकीकडे, त्याचा जोडीदार दुसरीकडे. आणि फळी! दोन्ही भिंतींना अशी आवळून बसलेली की पाचरी कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना. मी दोन्ही हातांनी ओढली. तिच्याऐवजी मीच पुढे गेले.

“वन्सं! फळी फुगली!”

वन्सं स्वयंपाकघरात फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. “फुगणारच.”

“फुगणारच म्हणजे? लाकूड पाण्याने फुगतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“न ठाऊक असायला काय झालं? सातवीला शिकवायचे. रेघेच्या आडव्या अंगाला जास्त फुगतं, लांबीला फारसं नाही. मुली नेहमी उलट लिहायच्या.” आणि पुढची आठळी घेतली.

आखूड तुकडे का, ते माझ्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला. फुगायचं ते अंग त्यांनी मुद्दाम भिंतींकडे केलं होतं. आवाजाने आलेल्या यांच्याकडे मी बघितलं. यांनी फळीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि म्हणाले, “पाऊस जरा उघडलाय, कलमं...” पाऊस मुळीच उघडलेला नव्हता. छत्री न घेता गेले.

मी गवंडी बोलावला. त्याने फळीवर टकटक केली, भिंतीवर टकटक केली. “आता ओढलीत तर भिंत घेऊन येईल, वहिनी. उन्हाळा येऊ दे. लाकूड सुकलं की आपोआप सैल होईल. मग बोटाने काढू.”

म्हणून मी उन्हाळ्याची वाट पाहत बसले. दरम्यान खाऱ्या हवेने त्या चकचकीत दांडीवर तांबूस ठिपके उठले आणि माझ्या पांढऱ्या टॉवेलावर गंजाची रेघ उमटली. एक दिवस आमचे दोघांचे टॉवेल गुपचूप फळीवरच्या उरलेल्या खणांत गेले. वन्सं दांडीकडे बघून नुसतं “हं” म्हणाल्या. मार्क द्यायचा अधिकार मला असता तर त्या “हं”ला मी दहापैकी दहा दिले असते.

चैत्र आला. अंगाची लाही लाही होऊ लागली, तांदळाच्या डब्याचं लाकडी झाकण सैल झालं, माजघराचं दार आपोआप उघडायला लागलं. फळी जागची हलली नाही. गवंडी आला, ओढून ओढून घामाघूम झाला. “हट्टी लाकूड आहे,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

“असं कसं हो, वन्सं?”

“मांडवीची हवा दमट. गुहागरला असती तर एव्हाना सुटली असती.”

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रत्नागिरीची हवा वाखाणली होती, आणि मला ते समजलंही नाही. पुढच्या उन्हाळ्यातही तेच झालं.

मग एकदा लग्नाच्या निमित्ताने मी गुहागरला गेले. वन्संना ताप होता म्हणून त्या आल्या नव्हत्या. त्या जिथे भाड्याने राहत त्या घरच्या आजी भेटल्या, आग्रहाने घरी घेऊन गेल्या. नारळी-पोफळीच्या आगरात मागच्या अंगाला एकच खोली. न्हाणी म्हणजे नारळाच्या झापांचा आडोसा, तोही घरच्या सगळ्यांचा मिळून. इतकं गुहागर, गुहागर ऐकलं होतं. मला वाटलं होतं, बाईंना तिथे महालच असेल.

“बाई फार शिस्तीच्या हो,” आजी म्हणाल्या. “आमच्या दोरीवर त्यांचा पंचा वाळला की तासभर राहायचा नाही. लगेच घडी आणि पिशवीत. मी म्हणायची, अहो राहू दे की, घरच्याच आहात. तर म्हणायच्या, नको. आपलं आटोपशीर असलेलं बरं. दुसऱ्याच्या घरातून कधी उठावं लागेल, सांगता येतं का?”

परतीच्या एस.टी.त मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. घरी पोचल्यावर गवंड्याला निरोप धाडला की पुन्हा यायचं कारण नाही. वन्संना मात्र सांगितलं नाही. कसं सांगायचं? ‘तुमची फळी आता राहू दे’ म्हटलं असतं तर ‘राहू दे म्हणणारी तू कोण?’ असं आलं असतं, आणि तेही बरोबरच होतं. सासऱ्यांनी बांधलेलं घर. त्या तिथे जन्मल्या होत्या, मी नुसती माप ओलांडून आत आले होते.

त्याच सुमारास पुण्याहून यांची मावसबहीण आली. बाथरूम बघून (बदकांची टाइल मी परत चिकटवून घेतली होती, जरा वाकडी) ती ओटीवर येऊन टेकली आणि पुणेरी गोडव्याने म्हणाली, “इंदू, तू आता भावाकडे असतेस का गं?”

यांचा पाय चपलेत गेला.

“छे गं,” वन्सं म्हणाल्या. “भाऊ माझ्याकडे असतो. बायकोला घेऊन.” आणि माझ्याकडे वळून, “नलू, हिला कोकम सरबत दे. साखर बेताची घाल, कालचं चार मार्कांचं होतं.”

मी आत जाऊन सरबत ढवळत एवढी हसले की पेल्यातलं अर्धं ओट्यावर गेलं.

वन्सं जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पावसाळ्यात गेल्या, फारसं आजारपण न काढता. ते सगळं रीतीप्रमाणे झालं, त्याबद्दल लिहीत नाही. वन्सं म्हटलं की मला दिसते ती त्याच वर्षीची, त्याआधीच्या उन्हाळ्यातली एक सकाळ.

मी नेहमीपेक्षा लवकर उठले होते. बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. आत वन्सं पाठमोऱ्या उभ्या होत्या. तोवर त्या वाकल्या होत्या, एक हात भिंतीला धरलेला. दुसऱ्या हातात तांब्या. तिन्ही टॉवेल त्यांनी काढून खांद्यावर घेतले होते, भिजू नयेत म्हणून. आणि फळीच्या कडेकडेने, जिथे लाकूड भिंतीला टेकतं तिथे, अगदी बारीक धारेने पाणी सोडत होत्या. तुळशीला घालतात तसं, सावकाश. पाणी लाकडात मुरेपर्यंत थांबायच्या, मग पुन्हा. त्या हातांना ती सवय किती उन्हाळ्यांची होती ते बघताक्षणी कळत होतं. त्यांच्या हिशेबी अजून कुठल्याही चैत्रात गवंडी येणार होता.

शहाण्या बाईने मागे फिरायला हवं होतं. मी शहाणी कधीच नव्हते, नुसती आधुनिक होते.

“वन्सं,” मी म्हटलं.

त्या दचकल्या. तांब्या पदराआड गेला. शाळेत मुली चिंचा लपवतात तसा. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा भीती पाहिली आणि मला ती मुळीच आवडली नाही.

“डावीकडे कमी पडतंय,” मी म्हटलं. “त्या कोपऱ्यात. तिथे सुटायला लागलीय बघा.”

वन्संनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, पेपर तपासताना बघत असतील तसं. मग पदराआडून तांब्या बाहेर आला. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. रिकामा होता.

“मग उभी काय राहिलीस, अगो?” त्या म्हणाल्या. “भरून आण.”